पागोळीसंकलन

पावसाळ्यात छपरावरून वळचणीला गळणाऱ्या धारांना पागोळ्या म्हणतात. हे पाणी अंगणातून वाहून जाण्यापूर्वीच पन्हळीत धरून घरच्या वापरासाठी साठवणे किंवा विहिरीत सोडणे म्हणजे पागोळीसंकलन होय. कोकणात पोफळीचे खोड उभे चिरून, त्यातला गाभा काढून केलेली पन्हळ वळचणीखाली बांधण्याची आणि तिच्या तोंडाशी हंडे-कळश्या लावण्याची पद्धत जुनी आहे. आता बहुतेक ठिकाणी पत्र्याच्या किंवा पीव्हीसीच्या पन्हळी दिसतात.

एक चौरस मीटर छपरावर १ मिलिमीटर पाऊस पडला की १ लिटर पाणी मिळते. वर्षाला २,५०० मिलिमीटर पाऊस होणाऱ्या गावात ५० चौरस मीटरच्या छपरावर सव्वा लाख लिटर पाणी पडते आणि पाचवा हिस्सा उडून, सांडून गेला असे धरले तरी एक लाख लिटर हाती राहते. तरीही कोकणातल्या अनेक वाड्यांवर एप्रिल-मे महिन्यांत टँकरची वाट पाहावी लागते, ही मनाला लागणारी गोष्ट आहे. सच्छिद्र जांभा दगडातून मुरलेले पाणी उतारावरून लवकर निघून जाते, म्हणून अशा ठिकाणी पुनर्भरणाइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, महत्त्व बंदिस्त टाकीला द्यायला हवे. देशावरच्या काळ्या पाषाणात पाणी केवळ भेगांतून आणि झिजलेल्या थरातून मुरते. तेव्हा तेथे विहिरीत पाणी सोडण्यापूर्वी जागेची पारख आवश्यक ठरते.

टाकी फार मोठी लागते, हा समज मात्र खरा नाही. पाच माणसांच्या घरात पिण्यासाठी व स्वयंपाकासाठी माणशी ५ लिटर धरले, तर फेब्रुवारी ते मे या १२० दिवसांना ३,००० लिटर पुरतात. या पाण्यात क्षार अत्यल्प असल्याने साबणाला चटकन फेस येतो आणि जड पाण्यात तासभर टणक राहणारी तूरडाळ यात लवकर शिजते. पाण्याबरोबर इंधनही वाचते ते असे.

पहिल्या पावसाबरोबर छपरावरची धूळ, पालापाचोळा आणि पक्ष्यांची विष्ठा खाली येते, म्हणून ते पाणी टाकीत न घेता बाहेर सोडतात. त्यानंतरचे पाणी वाळू, खडी व कोळशाच्या थरांतून गाळून घेतले तरी पिण्यापूर्वी उकळणे इष्ट असते. टाकीत उजेड शिरला तर शेवाळ धरते आणि झाकण सैल राहिले तर डास अंडी घालतात. त्यामुळे झाकण घट्ट हवे व वाहत्या तोंडाला बारीक जाळी हवी. मृगापूर्वी कौलांची शाकारणी होते, त्याच वेळी पन्हळ झाडून टाकी घासून घेतात, आषाढात ती भरतात आणि वापरामुळे झालेली तूट हस्ताच्या सरींनी भरून काढतात.