वसाहतकालीन भारतातील मोटारगाडी आणि पगारी ड्रायव्हर

मुंबई-कलकत्त्याच्या रस्त्यांवर मोटारगाडी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आली. पहिले मालक म्हणजे इंग्रज अधिकारी व व्यापारी, गिरणीमालक, नामांकित डॉक्टर-बॅरिस्टर आणि संस्थानिक. बहुतेकांनी गाडीबरोबर पगारी ड्रायव्हरही ठेवला. ही केवळ मिजास नव्हती. त्या काळची गाडी रोज कोणीतरी हातात घेतल्याशिवाय चालतच नसे. श्रीमंतांच्या घरी या माणसाला ‘शोफर’ म्हणत आणि त्याचे निम्मे काम मिस्त्रीचे असे.

फोर्डची मॉडेल टी (१९०८–१९२७) घेतली तर हे नीट कळते. सुरू करण्यापूर्वी ठिणगीची वेळ ठरवणारा दांडा मागे घ्यावा लागे. तो पुढेच राहिला तर ठिणगी वेळेआधी पडून इंजिन सुरू करण्यासाठी गाडीच्या पुढून हाताने फिरवायचे हँडल उलटे फिरे आणि मनगट मोडे. म्हणून अंगठा मुठीबाहेर न ठेवता बोटांच्याच बाजूला ठेवायचा आणि हँडल खाली दाबण्याऐवजी वर ओढायचे, ही पहिली शिकवण. पायाखालची तीन पेडलेही निराळी होती. डावे पूर्ण दाबले की सावकाश गती, मधले रिव्हर्ससाठी, उजवे ब्रेकसाठी. वेग वाढवायचा तो हाताने.

खरी परीक्षा घाटात होई. टाकी पुढच्या बैठकीखाली होती आणि पंप नव्हता. पेट्रोल आपल्या वजनानेच कार्ब्युरेटरकडे, म्हणजे हवा-पेट्रोल मिसळणाऱ्या भागाकडे, वाहत येई. पेट्रोल कमी असताना तीव्र चढ लागला की पुरवठा तुटून इंजिन बंद पडे. अशा वेळी गाडी वळवून चढ रिव्हर्समध्येच चढवत. रेडिएटर उकळला तर थांबणे भाग होते. तापलेल्या इंजिनात एकदम गार पाणी ओतल्यास बिडाला तडा जाऊ शके, म्हणून जाणता ड्रायव्हर पाण्याचा डबा जवळ असूनही वाट पाही. उतारावर तो एकट्या ब्रेकवर भिस्त ठेवत नसे. ब्रेक लावणाऱ्या आतल्या पट्ट्यांचे कापडी अस्तर तापून झिजत असल्याने तो सावकाश गतीचे पेडल आलटून-पालटून वापरी.

डब्यातले पेट्रोल शॅमॉय या मऊ चामड्यातून गाळून टाकीत भरत, म्हणजे पाणी व कचरा वर राही. जुन्या गाड्यांच्या कार्बाइडच्या दिव्यांत पाणी थेंबाथेंबाने सोडून वायू तयार करावा लागे आणि तळाशी साचणारा चुना रोज खरवडावा लागे. बैलांच्या नालांचे खिळे रस्त्यावर पडलेले असत, त्यामुळे पंक्चर नित्याचे. शेजारी बसणारा क्लीनर हे काम शिकत शिकतच पुढे ड्रायव्हर होई. ज्ञान असे हातोहात गेले, ही या पेशाची मोठी बाजू आहे. तिची नोंद मालकांच्या इतिहासात क्वचितच सापडते.

१९१४ च्या भारतीय मोटार वाहन कायद्याने चालकाला परवाना सक्तीचा केला आणि किमान वय १८ वर्षे ठरवले. परवाना नसलेल्याच्या हाती गाडी देणाऱ्या मालकालाही कायद्याने मनाई होती. विजेचा स्टार्टर १९१२ मध्ये कॅडिलॅकने आणला. पुढे तो सर्वत्र पसरल्यावर हँडलचा धोका संपला, तरी ड्रायव्हर गेला नाही. पगार मालकाला परवडणारा होता आणि रस्त्यात बिघाड झाल्यास जवळपास गॅरेज नसे. १९३९ च्या कायद्याने तर पगारावर गाडी चालवणाऱ्याच्या परवान्यात तशी स्वतंत्र मुभा असणे आवश्यक केले.