मूकपटातील चेहऱ्याचा क्लोज-अप

नटाचा चेहरा, फार तर गळ्यापर्यंतचा भाग, चौकट भरून दिसेल असे चित्रण म्हणजे क्लोज-अप किंवा समीपदृश्य. पात्राच्या मनात चाललेले प्रेक्षकापर्यंत पोहोचवण्याचे मूकपटाचे हे सर्वांत प्रभावी साधन. मूकपट म्हटले की हातवारे, गरागरा फिरणारे डोळे आणि छाती पिटणारे नट अनेकांना आठवतात. प्रत्यक्षात त्या भडक अभिनयाला ओहोटी लागली ती मुख्यतः क्लोज-अपमुळे. चेहरा पडदाभर झाला की भुवईची किंचित हालचालही शेवटच्या रांगेतून दिसते आणि रंगभूमीवरून आलेला ठसठशीत आविर्भाव तिथे खोटा वाटू लागतो.

सुरुवात मात्र गंमत म्हणून झाली. एडिसनच्या प्रयोगशाळेत जानेवारी १८९४ मध्ये फ्रेड ऑट या कर्मचाऱ्याची शिंक चित्रित करण्यात आली. इंग्लंडमध्ये जॉर्ज अ‍ॅल्बर्ट स्मिथ यांनी १९०० साली भिंगातून पाहणाऱ्या मुलाला दिसणारा आजीचा डोळा पडद्यावर आणला. ‘द ग्रेट ट्रेन रॉबरी’ (१९०३) या चित्रपटात दरोडेखोर थेट प्रेक्षकांवर पिस्तूल झाडतो; ते दृश्य आरंभी जोडायचे की शेवटी, हे चित्रपट दाखवणाऱ्याच्या मर्जीवर होते. म्हणजे क्लोज-अप अजून कथेत मुरला नव्हता. अमेरिकन दिग्दर्शक डी. डब्ल्यू. ग्रिफिथ यांनी १९१३ मध्ये जाहिरात देऊन या तंत्राचे श्रेय स्वतःकडे घेतले. तो दावा खरा नव्हे. पण छायालेखक बिली बिट्झर यांच्या साथीने जवळची आणि दूरची दृश्ये एकमेकांत गुंफून चेहऱ्याला कथनात हक्काची जागा देण्यात त्यांचा वाटा फार मोठा आहे.

त्यांच्या ‘ब्रोकन ब्लॉसम्स’ (१९१९) मध्ये लिलियन गिश हिने साकारलेल्या मुलीला तिचा मारकुटा बाप हसायला फर्मावतो. तिला हसू येत नाही. ती दोन बोटांनी ओठांचे कोपरे वर ढकलते. ओठ हसतात, डोळे भेदरलेलेच राहतात. एकाच चेहऱ्यावर दोन परस्परविरोधी गोष्टी एकाच क्षणी वाचता येतात, आणि हेच क्लोज-अपचे खरे बळ आहे. वाक्यात शब्द एकामागून एक येतात. चेहऱ्यावर भीती, लाज आणि आज्ञाधारकपणा एकत्र नांदू शकतात. हंगेरियन समीक्षक बेला बालाझ यांनी १९२४ च्या आपल्या ग्रंथात नेमका हा मुद्दा मांडला : छपाईच्या युगात माणूस शब्दांच्या आहारी गेला आणि चेहऱ्याची भाषा विसरला, ती त्याला चित्रपटाने परत मिळवून दिली. त्याआधी १९१६ मध्ये मानसशास्त्रज्ञ ह्यूगो म्युन्स्टरबर्ग यांनी क्लोज-अपची सांगड अवधानाशी घातली होती. एखाद्या गोष्टीवर लक्ष केंद्रित झाले की भोवतालचे सारे मनातून विरते. पडद्यावर तेच काम कॅमेरा करतो. फ्रान्समध्ये दिग्दर्शक झाँ एपस्टाइन यांना हसू फुटण्याआधीच्या स्नायूंच्या थरथरीत चित्रपटाचा प्राण दिसला.

चेहरा एकटा बोलतो की शेजारची दृश्ये त्याला बोलते करतात, हा प्रश्न रशियात ऐरणीवर आला. दिग्दर्शक लेव्ह कुलेशोव्ह यांनी इव्हान मोजुखिन या नटाचा एकच निर्विकार क्लोज-अप वेगवेगळ्या दृश्यांना जोडला आणि प्रेक्षकांना त्यात निरनिराळे भाव दिसले, असे सांगतात. ती फीत आज उपलब्ध नाही, तपशीलही सांगणाऱ्यागणिक बदलतात. तरी संकलनाची ताकद सांगताना हाच दाखला दिला जातो. तो अर्धेच सत्य सांगतो. गिशच्या चेहऱ्यावर जे घडते ते कोणत्याही जोडणीतून निर्माण होणारे नाही.

चेहरा पडद्यावर कसा दिसतो, यामागे तंत्राचाही भाग होता. सुरुवातीच्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला लाल रंग जाणवत नसे. लाल ओठ काळे पडत, निळे डोळे पांढुरके दिसत, म्हणून नटांना रंगाचा जाड थर लावावा लागे. १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात सर्व रंगांना प्रतिसाद देणारी पॅनक्रोमॅटिक फिल्म रुळली आणि कातडीचा खरा पोत दिसू लागला. ध्वनिमुद्रण नसल्याने चित्रण चालू असतानाच दिग्दर्शक नटाशी बोलू शके, आणि भाव जागवण्यासाठी सेटवर वादकही बसवत.

या साऱ्याचा कळस म्हणजे डॅनिश दिग्दर्शक कार्ल थेओडोर ड्रायर यांचा ‘द पॅशन ऑफ जोन ऑफ आर्क’ (१९२८). फ्रान्सची वीरांगना जोन हिच्यावरील १४३१ सालच्या खटल्याची ही कथा जवळजवळ पूर्णपणे चेहऱ्यांवर उभी आहे. रुडॉल्फ माते यांच्या कॅमेऱ्यापुढे नटांना रंगभूषा नव्हती. न्यायाधीशांच्या सुरकुत्या आणि चामखिळी, जोन झालेल्या फाल्कोनेत्तीचे सुकलेले ओठ, सगळे जसेच्या तसे येते. मागे बहुधा पांढरी भिंत असते. खोली किती मोठी, कोण कुठे उभा, याचा अंदाज प्रेक्षकाला लागत नाही आणि जोनसारखाच तोही त्या चेहऱ्यांच्या वेढ्यात सापडतो. उलट चार्ली चॅप्लिन यांनी क्लोज-अप हात राखून वापरला. ‘सिटी लाइट्स’ (१९३१) च्या अखेरच्या ओळख पटण्याच्या प्रसंगी तो येतो, आणि तोवर राखून ठेवल्यामुळेच भिडतो.

आज हे क्लोज-अप पाहताना प्रत आणि वेग या दोन्हींकडे लक्ष द्यावे लागते. नकलेची नक्कल होत गेली की करड्या छटा उडतात, चेहरा पांढरा ठिपका होतो आणि नटाने केलेले बारीक काम नाहीसे होते. ड्रायर यांच्या चित्रपटाची मूळ निगेटिव्ह १९२८ मध्येच जळाली. मूळ आवृत्तीची प्रत १९८१ मध्ये नॉर्वेतील एका मनोरुग्णालयात सापडली, तोपर्यंत लोक कमअस्सल प्रतींवरच भागवत होते. वेगाचे असे, की अनेक मूकपट सेकंदाला २४ पेक्षा कमी चौकटींनी चित्रित झाले. ते बोलपटाच्या २४ च्या वेगाने दाखवले की पापण्या फडफडतात, ओठांना झटके बसतात. मूकपटातला अभिनय भडक असतो या समजुतीला हे चुकीचे प्रक्षेपणही बऱ्याच अंशी कारणीभूत आहे.