पार्श्वभूमी: तुरुंगाच्या दारात औषधोपचार का तुटतो?

अमेरिकेतील घाऊक तुरुंगवास आणि कृष्णवर्णीय, लॅटिनो व मूळनिवासी वस्त्यांचे आरोग्य यांचा संबंध सांगताना सुरुवात बहुधा १९७१ मध्ये पुकारलेल्या अमली पदार्थविरोधी ‘युद्धा’पासून होते. माणसे आत का गेली, ते त्यातून कळते. त्यांचे उपचार का तुटले, हे कळायला मात्र १९६५ च्या मेडिकेड (गरिबांसाठीचा सरकारी आरोग्यविमा) कायद्यातला एक शब्दप्रयोग उलगडावा लागतो: ‘सरकारी संस्थेतील रहिवासी’. अशा व्यक्तीच्या उपचारांचा पैसा मेडिकेडमधून मिळणार नाही, असे तो कायदा सांगतो.

हे शब्द मुळात कैद्यांसाठी घडवलेले नव्हते. १९३५ च्या सामाजिक सुरक्षा कायद्याने वृद्धांच्या मदतीतून ‘सरकारी संस्थेतील रहिवासी’ वगळले, तेव्हा डोळ्यांसमोर दरिद्रगृहे होती. तिथल्या म्हाताऱ्यांना पोसणे हे काउंट्यांचे (राज्याखालच्या जिल्ह्यांचे) काम, केंद्राने तो भार का उचलावा, एवढाच हिशेब होता. तीस वर्षांनी तेच शब्द मेडिकेडमध्ये आले. तोवर दरिद्रगृहे जवळपास संपली होती, आणि नियम तुरुंगांना चिकटला. १९६५ च्या सुमारास राज्यांच्या आणि केंद्राच्या तुरुंगांत मिळून २ लाखांच्या आसपास कैदी होते, त्यामुळे तो फारसा कुणाला खटकला नाही.

पुढची वाढ थोडक्यात: १९७३ मध्ये न्यूयॉर्क राज्याने अमली पदार्थांसाठी कडक सक्तीच्या शिक्षा आणल्या. १९८६ च्या केंद्रीय कायद्याने ५ ग्रॅम क्रॅक (ओढायचे खडेदार कोकेन) विकणाऱ्याला आणि ५०० ग्रॅम कोकेन पूड विकणाऱ्याला सारखीच, किमान ५ वर्षांची कैद ठरवली. क्रॅकच्या केंद्रीय खटल्यांतले बहुसंख्य आरोपी कृष्णवर्णीय होते. १०० ला १ हे प्रमाण २०१० मध्ये १८ ला १ झाले; समान काही झाले नाही. २००८ पर्यंत काउंटी जेल (स्थानिक तुरुंग) धरून बंदिवानांचा आकडा २३ लाखांच्या घरात गेला होता.

आता पुन्हा त्या शब्दाकडे. तुरुंग म्हणजे शिक्षा भोगणाऱ्यांची जागा असे आपण धरून चालतो. पण काउंटी जेलमधले दोन-तृतीयांश लोक कच्चे कैदी असतात. गुन्हा शाबीत झालेला नाही, जामिनाचे पैसे नाहीत म्हणून आत. मेडिकेडच्या लेखी तेही ‘रहिवासी’च. गंमत अशी, की २०१० च्या आरोग्य कायद्याने विकतच्या विम्याबाबत उलटे ठरवले: खटला प्रलंबित असेल तर विमा चालू राहू शकतो. म्हणजे कच्चा कैदी एका योजनेसाठी निर्दोष आणि गरिबांच्या योजनेसाठी बंदिवान! पॅरोलवर सुटलेल्यांना हा शब्द लागू नाही, हे २०१६ मध्ये केंद्राला पत्र काढून स्पष्ट करावे लागले. सुटकेनंतरच्या निवासगृहांना तो कधी लागतो, कधी नाही. तिथला माणूस बाहेर कामाला जाऊ शकतो का, स्वतःहून डॉक्टर गाठू शकतो का, यावर ते ठरते.

नियमाला पळवाट बरीच वर्षे एकच होती. कैद्याला तुरुंगाबाहेरच्या रुग्णालयात २४ तास किंवा अधिक दाखल केले आणि तो मेडिकेडला पात्र असेल, तर खर्चात केंद्राचा वाटा मिळतो. याचा परिणाम हेपॅटायटिस-सी या यकृताच्या संसर्गात दिसला. २०१३ च्या अखेरीस आलेल्या गोळीची छापील किंमत एका गोळीला १,००० डॉलर, १२ आठवड्यांच्या कोर्सला ८४,००० डॉलर होती. गोळ्या तुरुंगात दिल्या तर सगळा भार राज्यावर. यकृत निकामी होऊन रुग्ण भरती झाला तर केंद्र हातभार लावणार. अनेक तुरुंगखात्यांनी ‘अजून यकृत पुरेसे बिघडलेले नाही’ म्हणून रुग्णांना थांबवून ठेवले, यात नवल नाही.

उपचाराचा हक्क मात्र १९७६ पासून आहे. टेक्सासमध्ये ६०० पौंडांची कापसाची गासडी अंगावर पडलेल्या कैद्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने गंभीर आजाराकडे ‘जाणूनबुजून दुर्लक्ष’ करणे घटनाबाह्य ठरवले. तो कैदी स्वतः मात्र हरला. निष्काळजीपणा पुरेसा नाही, जाणूनबुजून केल्याचे सिद्ध करावे लागते, ही अट तिथूनच आली.

खरा धोका सुटकेनंतर असतो. अटक झाल्यावर अनेक राज्ये मेडिकेड नुसते स्थगित न करता रद्दच करत. मग सुटल्यावर नवा अर्ज, ओळखपत्र, पत्ता. निर्णयाला नियमानुसार ४५ दिवसांपर्यंत मुदत, अपंगत्वाच्या अर्जाला ९०. वॉशिंग्टन राज्यातल्या सुटलेल्या कैद्यांचा २००७ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास याच्याशेजारी ठेवून पाहावा. सुटकेनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत मृत्यूचा धोका राज्यातल्या इतर लोकांच्या १२.७ पट होता, अमली पदार्थांच्या अतिमात्रेने मरण्याचा १२९ पट. कारण शरीराचे आहे. काही आठवडे अफूजन्य पदार्थ बंद राहिले की सहनशक्ती उतरते, पण हाताला जुनीच मात्रा ठाऊक असते. ती श्वास थांबवते. आत मेथाडोन किंवा ब्युप्रेनॉर्फिन ही या व्यसनावरची औषधे चालू ठेवली तर हे टळू शकते. ऱ्होड आयलंडने २०१६ मध्ये तसे सुरू केले आणि नुकत्याच सुटलेल्यांचे अतिमात्रेचे मृत्यू वर्षभरात सुमारे ६० टक्क्यांनी घटले.

तुरुंगात कृष्णवर्णीय पुरुषांचा मृत्युदर बाहेरच्या समवयस्क कृष्णवर्णीयांपेक्षा कमी आढळतो, यावर काही जण बोट ठेवतात. आकडा खरा आहे. पण तो तुरुंगाच्या दवाखान्यापेक्षा बाहेरच्या वस्तीबद्दल जास्त सांगतो, आणि सुटकेनंतरचे ते दोन आठवडे त्यात मोजलेलेच नसतात.

वस्तीवरचा भार २०२० मध्ये उघड झाला. शिकागोच्या काउंटी जेलमधून सुटून लोक ज्या पिनकोडांत जास्त परतले, तिथे कोविडची लागणही जास्त आढळली. त्यांत कृष्णवर्णीयबहुल भाग पुढे होते. कॅलिफोर्नियात एका तुरुंगातून १२२ जणांना सान क्वेंटिन तुरुंगात हलवताना कोविडच्या चाचण्या जुन्या झालेल्या होत्या. तिथे २८ कैदी आणि एक कर्मचारी दगावला.

२०२३ पासून केंद्र राज्यांना सवलत देत आहे: सुटकेआधी ९० दिवसांपर्यंत मेडिकेड लागू, त्यात किमान तीन गोष्टी. रुग्णाचा पाठपुरावा करणारा माणूस, व्यसनावरची औषधे, आणि बाहेर पडताना ३० दिवसांची औषधे हातात. पहिली परवानगी कॅलिफोर्नियाला मिळाली. जानेवारी २०२६ पासून मेडिकेड रद्द न करता स्थगितच करायचे, असेही कायद्याने ठरवले आहे. शिक्षा भोगणाऱ्याच्या सुटकेची तारीख ठाऊक असते, त्यामुळे ९० दिवस मागे मोजता येतात. कच्च्या कैद्याला जामीन आज संध्याकाळी मिळू शकतो. काउंटी जेलमधला सरासरी मुक्काम महिन्याभराचा, आणि अनेक जण दोन-तीन दिवसांतच बाहेर पडतात. त्यांच्यासाठी ९० दिवस कुठून मोजायचे, हे प्रत्येक काउंटी आपापल्या परीने ठरवत आहे.