आंतरराष्ट्रीय संघटनांचे विधिनिर्माणाचे अधिकार

सदस्य राष्ट्रांना बांधून घेणारे नियम करण्याची आंतरराष्ट्रीय संघटनांची क्षमता. तिचा आरंभ कोठून धरावा याविषयी मतभेद आहेत. काही अभ्यासक 1815 च्या व्हिएन्ना परिषदेतून निघालेल्या ऱ्हाईन आयोगापर्यंत मागे जातात. तथापि 1856 च्या पॅरिस तहाने स्थापलेला डॅन्यूबचा युरोपीय आयोग हा अधिक ग्राह्य आरंभ दिसतो. त्याने नौकानयनाचे नियम स्वतः केले व ते मोडणाऱ्यांना दंडही केला.

अधिकाराच्या व्याप्तीचा वाद अधिक मूलभूत आहे. कार्यपूर्तीसाठी आवश्यक अधिकार संघटनेच्या सनदेत (स्थापनेच्या करारात) लिहिलेले नसले तरी ते गर्भित असतात, असे आंतरराष्ट्रीय न्यायालयाने 1949 च्या नुकसानभरपाईविषयक सल्लागार मतात म्हटले. न्यायमूर्ती हॅकवर्थ यांनी भिन्नमत देऊन गर्भित अधिकार लिखित अधिकारांच्या अंमलापुरतेच मर्यादित ठेवले. पुढे 1996 मध्ये अण्वस्त्रवापराच्या वैधतेचा प्रश्न जागतिक आरोग्य संघटनेच्या कार्यकक्षेत येत नाही, असे सांगून न्यायालयाने तिला मत देण्याचे नाकारले. त्यामुळे संकुचित अर्थाला बळ मिळाले, आणि राष्ट्रांच्या संमतीचा मान राखणारा म्हणून तोच इष्ट वाटतो. त्या तुलनेत संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेचा ठराव 1373 (2001) फार पुढे जातो : दहशतवादाला पैसा पुरवणे गुन्हा ठरवा, असे त्याने कोणत्याही नव्या तहाविना सर्व राष्ट्रांना फर्मावले. आमसभेचे ठराव बहुतांशी शिफारसवजा असतात.

खरे विधिनिर्माण करारांना जोडलेल्या तांत्रिक परिशिष्टांत चालते. 1944 च्या शिकागो करारानुसार आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेची परिषद दोन-तृतीयांश मतांनी परिशिष्ट संमत करते. बहुसंख्य राष्ट्रांनी नापसंती न नोंदवल्यास ते अमलात येते. एखाद्या राष्ट्राला मानक पाळणे शक्य नसेल, तर त्याने तफावत कळवायची असते. 1949 मध्ये रात्रीच्या हवाई टपालाचे केंद्र झालेल्या नागपूरच्या विमानतळावरील धावपट्टीच्या खुणा व दिवे या कराराच्या विमानतळांविषयीच्या परिशिष्ट 14 च्या विषयात येतात. ‘व्हीएएनपी’ हा त्या विमानतळाचा चार अक्षरी संकेतही याच संघटनेच्या पद्धतीतला. नागपुरी संत्री लाकडी खोक्यांतून परदेशी पाठवायची, तर आंतरराष्ट्रीय वनस्पती संरक्षण कराराखालील लाकडी वेष्टनांविषयीचे मानक 15 आडवे येते : उष्णतेच्या प्रक्रियेत लाकूड गाभ्यापर्यंत 56 अंश सेल्सिअसला सलग 30 मिनिटे तापवून त्यावर शिक्का उमटवावा लागतो.

भारतात असे निर्णय आपोआप कायदा होत नाहीत. संविधानाचा अनुच्छेद 253 संसदेला तहांप्रमाणेच आंतरराष्ट्रीय संस्थांच्या निर्णयांसाठीही कायदा करू देतो. विमान वाहतुकीत 1934 च्या अधिनियमाची जागा 1 जानेवारी 2025 पासून भारतीय वायुयान अधिनियम, 2024 ने घेतली आहे.