लोकसभेची सदस्यसंख्या

लोकसभेत किती सदस्य असावेत, आणि सध्याच्या ५४३ निर्वाचित जागा पुष्कळ वाढवाव्यात काय, हा भारतीय संसदीय व्यवस्थेतील दीर्घकाळ लांबणीवर पडलेला प्रश्न आहे. तो मतदारसंघांच्या परिसीमनाशी (म्हणजे त्यांच्या सीमा नव्याने आखण्याशी), राज्याराज्यांतील जागावाटपाशी आणि सभागृहाच्या कामकाजाशी जोडलेला आहे. वादाच्या भरात या तिन्ही बाबी एकच असल्यासारख्या मांडल्या जातात. त्या वेगळ्या करून पाहिल्याशिवाय प्रश्नाचा उलगडा होत नाही. प्रस्तुत नोंदीत उदाहरणांसाठी मुख्यतः नाशिक जिल्ह्याचा आधार घेतला आहे.

मूळ संविधानाच्या अनुच्छेद ८१ मध्ये लोकसभेसाठी कमाल ५०० सदस्यांची मर्यादा होती. साडेसात लाख लोकसंख्येमागे किमान एक आणि पाच लाखांमागे जास्तीत जास्त एक सदस्य असावा, असे प्रमाणही तेथे घालून दिले होते. लोकसंख्या वाढू लागताच ही दोन बंधने एकमेकांशी जुळेनात, म्हणून १९५२ च्या दुसऱ्या घटनादुरुस्तीने साडेसात लाखांची अट काढून टाकण्यात आली. खासदारामागील लोकसंख्येला वरची मर्यादा असावी हे तत्त्व तेव्हाच सुटले, असे म्हणावे लागते. पहिल्या लोकसभेसाठी ४८९ जागांवर निवडणूक झाली. १९७३ च्या एकतिसाव्या दुरुस्तीने कमाल मर्यादा वाढवली, आणि १९७७ च्या निवडणुकीपर्यंत जागा ५४२ झाल्या. पुढे गोव्याला राज्याचा दर्जा मिळाल्यावर दमण-दीवची जागा वेगळी होऊन ही संख्या ५४३ वर आली.

दरम्यान १९७६ च्या बेचाळिसाव्या दुरुस्तीने राज्यांच्या जागा १९७१ च्या जनगणनेवर गोठवल्या. कुटुंबनियोजन यशस्वीपणे राबवणाऱ्या राज्यांच्या जागा त्याच कारणाने घटू नयेत, हा त्यामागचा हेतू होता. या गोठवणीची मुदत संपत आली तेव्हा चौऱ्याऐंशीव्या दुरुस्तीने ती २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत पुढे ढकलली. न्यायमूर्ती कुलदीप सिंग यांच्या अध्यक्षतेखालील परिसीमन आयोगाने २००१ च्या जनगणनेनुसार मतदारसंघांच्या सीमा बदलल्या. राज्यांच्या वाट्याला असलेली संख्या मात्र होती तीच राहिली.

या गोठवणीचा अर्थ नाशिकच्या आकड्यांत स्पष्ट दिसतो. १९७१ मध्ये जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे २४ लाख होती. २०११ मध्ये ती ६१ लाखांवर गेली. जिल्ह्यात विधानसभेचे १५ मतदारसंघ आहेत. त्यांपैकी सिन्नर, इगतपुरी, देवळाली आणि नाशिक शहरातील तीन मिळून नाशिक लोकसभा मतदारसंघ होतो. नांदगाव, कळवण, चांदवड, येवला, निफाड आणि दिंडोरी हे सहा २००८ मध्ये अस्तित्वात आलेल्या, अनुसूचित जमातींसाठी राखीव असलेल्या दिंडोरी लोकसभा मतदारसंघात मोडतात, तर मालेगाव मध्य, मालेगाव बाह्य आणि बागलाण हे तीन धुळे मतदारसंघाला जोडलेले आहेत. सहा विधानसभा क्षेत्रांच्या वाट्याला २०११ च्या हिशेबाने सरासरी २४ लाख माणसे येतात. म्हणजे १९७१ मध्ये अख्ख्या जिल्ह्यात जेवढी वस्ती होती, तेवढी आता एकेका खासदाराच्या पदरात आहे. याच जिल्ह्यात नाशिक महानगरपालिकेच्या १२२ नगरसेवकांपैकी प्रत्येकामागे सुमारे १२ हजार आणि आमदारामागे सुमारे चार लाख लोक येतात.

केवळ डोकी मोजून भागत नाही. दिंडोरी मतदारसंघात लासलगावची कांद्याची बाजारपेठ आहे, निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागा आहेत, ओझरचा विमान कारखाना आहे, आणि त्याच मतदारसंघात सुरगाणा व पेठ हे आदिवासी तालुकेही आहेत, जेथे पावसाळ्यात धो-धो पाऊस आणि उन्हाळ्यात टँकर अशी स्थिती असते. कांद्याच्या निर्यातबंदीवर बोलणारा आणि वनहक्काच्या दाव्यांवर बोलणारा प्रतिनिधी एकच असल्यावर कोणता तरी एक विषय मागे राहतो. बागलाणच्या रहिवाशाचे जिल्हाधिकारी कार्यालय नाशिकला, तर त्याचा खासदार धुळ्याचा, ही गैरसोय वेगळीच. खासदार निधीचे वार्षिक पाच कोटी रुपये २४ लाखांत विभागले तर माणशी २१ रुपये येतात.

लोकसंख्या आणि सभागृहाचा आकार यांचा संबंध सांगणारा एक नियम राज्यशास्त्रात प्रसिद्ध आहे. राज्यशास्त्रज्ञ राईन तागेपेरा यांनी १९७२ मध्ये मांडलेल्या या नियमानुसार कनिष्ठ सभागृहाची संख्या साधारणतः लोकसंख्येच्या घनमुळाजवळ असते. भारताच्या १४० कोटींचे घनमूळ सुमारे १,१२० येते. हा निरीक्षणावर बेतलेला नियम आहे, घटनात्मक आदेश नव्हे. ब्रिटनचे कॉमन्स सभागृह ६५० सदस्यांचे, म्हणजे या नियमापेक्षा बरेच मोठे आहे, तर अमेरिकेचे प्रतिनिधिगृह ४३५ वर अडकून पडल्यामुळे लहान आहे. इटलीने २०२० मध्ये सार्वमत घेऊन कनिष्ठ सभागृह ६३० वरून ४०० वर आणले. चीनच्या राष्ट्रीय लोककाँग्रेसचे जवळपास तीन हजार सदस्य वर्षातून एकदा थोडे दिवस जमतात. तिच्याकडे पाहून मोठ्या सभागृहाची भीती घालणे मात्र योग्य नाही, कारण तेथील मर्यादा संख्येमुळे आलेली नाही.

माजी राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांनी डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेच्या जागा १,००० कराव्यात असे जाहीरपणे सुचवले होते. कोणत्याही राज्याची जागा कमी न करता लोकसंख्येच्या प्रमाणात वाटप करायचे झाल्यास सुमारे ८४८ जागा लागतील, असा एक अंदाजही त्याच वर्षी प्रसिद्ध झाला. मे २०२३ मध्ये उद्घाटन झालेल्या नव्या संसद भवनात लोकसभेसाठी ८८८ आसने आहेत. इमारत आधी आणि निर्णय मागून, हा क्रम बोलका आहे.

वाढीला खरा विरोध आहे तो वाटपाच्या भीतीपोटी. २०११ च्या लोकसंख्येत उत्तर प्रदेशाचा वाटा १६.५ टक्के होता, लोकसभेत तो १४.७ टक्के आहे; तमिळनाडूचा लोकसंख्येत सुमारे ६ टक्के, तर लोकसभेत ७.२ टक्के. महाराष्ट्र ८.८ टक्के जागा आणि ९.३ टक्के लोकसंख्या घेऊन या दोहोंच्या मधे उभा आहे, आणि त्याच्या लोकसंख्यावाढीत मुंबई, पुणे यांच्याबरोबर नाशिकमधील सातपूर-अंबडच्या कारखान्यांत उत्तरेकडून आलेल्या कामगारांचाही हिस्सा आहे. सर्व राज्यांच्या जागा सरसकट दीडपट केल्या तर टक्केवारी बदलणार नाही, तरी उत्तर प्रदेश आणि तमिळनाडू यांच्यातील ४१ जागांचे अंतर ६१ च्या आसपास जाईल. हे अंतर वाढलेले दिसले तरी बहुमताचा आकडाही त्याच पटीत वाढतो. तेव्हा तमिळनाडूची वाजवी तक्रार सरसकट वाढीविरुद्ध नसून प्रमाण बदलण्याविरुद्ध आहे. संख्या वाढवण्यासाठी प्रमाण बदलावेच लागते असे नाही, ही गोष्ट दोन्ही बाजूंनी दुर्लक्षिली जाते.

दुसरा आक्षेप सभागृहाच्या वेळेविषयीचा आहे आणि तो अधिक वजनदार आहे. चार तासांची चर्चा ५४३ जणांत समान वाटली तर प्रत्येकाला सुमारे २६ सेकंद मिळतात, ८४८ जणांत १७. प्रत्यक्षात वेळ पक्षांच्या संख्याबळानुसार मिळतो, त्यामुळे मागच्या बाकांवरील सदस्य आजही क्वचितच बोलतो. दिवसाला तोंडी उत्तराचे २० तारांकित प्रश्न घेण्याची मर्यादा आहे. १९८५ च्या पक्षांतरबंदीनंतर मतदानात सदस्य पक्षादेशाला बांधलेला आहे. पहिल्या लोकसभेच्या ६७७ बैठका झाल्या, सतराव्या लोकसभेच्या २७४. बैठका आणि स्थायी समित्यांचे काम न वाढवता केवळ सदस्य वाढवले, तर मतदारसंघातील माणसाला खासदार जवळ येईल, पण सभागृहात त्या खासदाराचा उपयोग तेवढाच राहील.

खर्चाचा आक्षेप किरकोळ आहे. जागा ८४८ झाल्या तर मासिक १ लाख २४ हजार वेतनाने ३०५ नव्या सदस्यांचे वर्षाचे वेतन सुमारे ४५ कोटी होते. त्यांचा खासदार निधी मात्र १,५२५ कोटींवर जाईल, आणि आक्षेप घ्यायचाच तर तो तेथे घेता येतो. मंत्रिमंडळाला सभागृहाच्या १५ टक्क्यांची मर्यादा असल्याने ८४८ च्या लोकसभेत मंत्र्यांची अनुज्ञेय संख्या ८१ वरून १२७ होते, याकडे फारसे लक्ष गेलेले नाही. २०२३ च्या एकशे सहाव्या दुरुस्तीने महिलांसाठी एक-तृतीयांश आरक्षण परिसीमनाशी जोडले; जागा वाढल्यास विद्यमान पुरुष खासदारांच्या हातून कमी मतदारसंघ जातील, हे त्या जोडणीमागचे न बोललेले कारण असावे.

महाराष्ट्राच्या ४८ जागा दीडपट होऊन ७२ झाल्या आणि विधानसभेच्या २८८ जागा तशाच राहिल्या, तर प्रत्येक लोकसभा मतदारसंघात चार विधानसभा क्षेत्रे येतील. विधानसभा क्षेत्र दोन लोकसभा मतदारसंघांत विभागता येत नाही, असा परिसीमनाचा नियम आहे. नाशिक जिल्ह्याची १५ क्षेत्रे चारने भागली जात नाहीत. त्यामुळे जिल्ह्याला जवळपास चार खासदार मिळाले तरी एका मतदारसंघासाठी शेजारच्या जिल्ह्यातून एक क्षेत्र घ्यावे लागेल, किंवा मालेगाव-बागलाणची तीन क्षेत्रे धुळे जिल्ह्यातील एखाद्या क्षेत्राबरोबरच राहतील.