किनारी पक्षीस्थलांतर निरीक्षण (कोकण)

पावसाळा ओसरताना उत्तरेकडून येणारे पाणपक्षी कोकणातल्या पुळणींवर, खाड्यांच्या मुखांशी आणि चिखलपट्ट्यांवर उतरतात. ते ओळखणे, मोजणे आणि त्यांची नोंद ठेवणे म्हणजे हे निरीक्षण. हा किनारा मध्य आशियाई उड्डाणमार्गावर येतो. विणीचा तांबूस रंग अजून अंगावर असलेले प्रौढ चिखल्या (चिखलात चरणारे छोटे पाणपक्षी) ऑगस्टमध्येच दिसू लागतात; त्यांची पिल्ले मागाहून, आईबापांशिवाय येतात. लडाख-तिबेटच्या सरोवरांवर वीण करणारे तपकिरी डोक्याचे कुरव ऑक्टोबरपासून वाढतात, पण तोवर त्यांचे डोके पांढरे झालेले असते. नवखा इथे हमखास फसतो.

महिन्यापेक्षा तिथी पाहावी. कोळ्यांचा ठोकताळा असा, की तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. द्वादशीला भरती नऊच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या. दक्षिणेकडे ही वेळ थोडी अलीकडे सरकते. पूर्ण ओहोटीला पक्षी दूरवर पांगलेले असतात आणि दुर्बिणीतही ठिपकेच दिसतात. पाणी चढू लागले की तेच थवे चरत चरत काठाकडे सरकतात, आणि भरती पूर्ण झाली की उरलेल्या वाळूवर दाटीने विसावतात. म्हणून भरतीआधीचे दोन तास सर्वांत कामाचे. त्यातही सकाळची भरती हवी, कारण किनारा पश्चिममुखी. संध्याकाळी सूर्य थेट डोळ्यांवर येतो आणि सगळे पक्षी काळे दिसतात. एकादशी ते त्रयोदशी हे दिवस त्यामुळे सोयीचे. विसावलेला थवा मात्र उठवू नये. भटकी कुत्री आणि पुळणीवर घातलेल्या गाड्या ते काम पुरेसे करतात.

मुंबईकडे उधाणाच्या वेळी पाण्याची चढउतार चार मीटरच्या पुढे जाते, मालवणकडे साधारण निम्मी. विस्तीर्ण चिखलपट्ट्या आणि मोठे थवे म्हणूनच उत्तर कोकणात. ठाणे खाडीचा भाग २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झाला आणि २०२२ मध्ये रामसर स्थळांच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या, यादीत आला. अलिबागजवळची आक्षीची पुळण लाल चोचीच्या कालवफोड्यांसाठी निरीक्षकांना परिचित आहे.

काही प्रवासी इथे जवळजवळ थांबतच नाहीत. २०१३ पासून नागालँडमध्ये उपग्रह-टॅग लावलेल्या अमूर ससाण्यांचे मार्ग पश्चिम भारतावरून थेट अरबी समुद्रावर जातात आणि आफ्रिकेच्या किनाऱ्याला लागतात. त्यांच्यासाठी नोव्हेंबरात पुळण सोडून मोकळा सडा (कातळाचे पठार) गाठावा.