रात्री फुलणारे वाळवंटी निवडुंग

सूर्य मावळल्यावर फुलणाऱ्या या निवडुंगांच्या जाती उत्तर आणि दक्षिण अमेरिकेच्या कोरड्या भागात आढळतात, त्यातले सगळ्यात प्रसिद्ध अमेरिका-मेक्सिको सीमेवरच्या सोनोरा वाळवंटातले. ड्रॅगनफ्रूटचा वेलही रात्रीच फुलतो, पण तो मूळचा जंगलातला, त्यामुळे त्याला यात धरत नाहीत.

रात्रीच का, तर दिवसाच्या उन्हात एवढ्या मोठ्या नाजूक फुलातलं पाणी भराभर उडून जाईल, आणि परागकण नेणारे पतंग नि वटवाघळंसुद्धा अंधार पडल्यावरच बाहेर पडतात. म्हणून फुलं बहुतेक पांढरी किंवा फिकट, अंधारात दिसतील अशी, आणि वासाची.

खरी कमाल वाटते ती पेनिओसिरियस ग्रेगीची, याला क्वीन ऑफ द नाइट म्हणतात. वर्षभर हा क्रिओसोटच्या झुडपाखाली बोटाएवढ्या जाडीच्या राखाडी, वाळक्या काड्या होऊन उभा असतो, शेजारून गेलात तरी कळणार नाही, सगळा साठा जमिनीखालच्या कंदात आणि तो कित्येक किलोंचा होतो. मग जून-जुलैच्या सुमारास अंधार पडता पडता कळी सैल होते, बाहेरच्या अरुंद पाकळ्या आधी मागे वळतात, आतल्या पांढऱ्या पाकळ्या उघडतात आणि वास लांबपर्यंत जातो. फुलाची नळी लांब आणि मध तिच्या तळाशी, त्यामुळे तिथवर लांब सोंडेचा हॉकमॉथ नावाचा मोठा पतंगच पोचतो. फूल एका रात्रीचंच, सकाळी ऊन चढलं की कोमेजलं. स्वतःचे पराग याला चालत नाहीत, दुसऱ्या झाडाचेच लागतात, आणि म्हणूनच एका भागातली बरीच झाडं ठरावीक रात्री एकदम फुलतात हे फार महत्त्वाचं आहे, एकटं फुललेलं फूल वायाच जायचं.

सग्वारो या खांबासारख्या उंच निवडुंगाचं तसं नाही. हा १२ मीटरच्याही वर जातो, साधारण पस्तिशीला आल्यावर पहिल्यांदा फुलतो, फूल रात्री उघडून दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत टिकतं, म्हणजे रात्री वटवाघळं आणि दिवसा मधमाश्या नि कबुतरं, सगळ्यांनाच मध मिळतो. ऑर्गन पाइप आणि कार्डोन हे असेच उंच निवडुंगही वटवाघळांवर बरेच अवलंबून. यांच्यावर येणारं लांब नाकाचं वटवाघूळ अमेरिकेने १९८८ साली धोक्यातल्या प्राण्यांच्या यादीत टाकलं होतं, संख्या सावरल्यावर २०१८ मध्ये काढलं.

पेनिओसिरियसला मात्र माणसाचाच त्रास जास्त, कंदासाठी लोक झाड मुळासकट खणून नेतात.